चपलांची रांग

शाळेच्या पटांगणात त्या वेळी बायकांच्या रांगेत एकोणीस बायका आणि चौतीस जोड चपला होत्या. सव्वीस जोड रबरी, सहा चामडी, एक प्लास्टिकचे सँडल, आणि एक जोड पुरुषी, अंगठा तुटल्यावर तारेनं बांधलेला. तो माझ्या जाऊबाईंचा. वॉर्ड दोनच्या पोटनिवडणुकीत एका जागेसाठी दोन बायका उभ्या होत्या आणि त्यातली एक उमेदवार, म्हणजे आमच्या सगुणा अक्का, मत द्यायच्या आधी रांगेत चपला काढून घरी म्हशीची धार काढायला गेल्या होत्या. बाकीच्या तेहतीस जणीही तशाच गेल्या होत्या. रांग राखायला मी उभी होते.

मतदानाचं मशीन अडीचला बंद पडलं होतं. दुसरं तालुक्याहून निघालंय असं तीनला सांगितलं, साडेतीनला सांगितलं, आणि आता पावणेपाच झाले होते. मतदानाची वेळ साडेपाचपर्यंत.

"स्वप्नाली," माझ्या मागून कमल बंडगर म्हणाली, "तुझ्या जाऊबाईनं चपलांचं पन मतदान घालायचं ठरीवलंय का?"

मागच्या सात-आठ जणी हसल्या. कमल ही समोरच्या उमेदवाराची, शालन बंडगरची, नणंद. त्यांच्या बायका डाळिंबाच्या पॅकिंगवरून सुटून आत्ताच यायला लागल्या होत्या, आणि येईल ती चपलांच्या मागे उभी राहत होती.

"येतील एवढ्यात," मी म्हणाले.

"चपला कशाला कुठं जात्यात? हितंच हायत की."

हे बोलणं मला लागलं, कारण तासाभरापूर्वी मीच अक्कांना चपलांवरून बजावलं होतं.

चार वाजले तशी रांगेत चुळबुळ सुरू झाली होती. गावची दूध डेअरी पाचला बंद होते. म्हशी दावणीला ओरडत असणार, घरात दुसरं कोणी नाही, आणि इथे मशीनचा पत्ता नाही. तेव्हा अक्कांनी पदर खोचला, पायातल्या चपला काढून नीट जोडून ठेवल्या आणि म्हणाल्या, "बायांनो, चपला ठेवा न् धारा काढून या. जागा कुनाची जायची न्हाय."

आमच्या गावाला हे नवं नव्हतं. फेब्रुवारीपासून पावसापर्यंत आम्ही टँकरच्या पाण्यावर. टँकर कधी येईल सांगता येत नाही, म्हणून बायका रांगेत हंडे ठेवून कामाला जातात. हंडा आहे म्हणजे बाई आहे. कोणाचा हंडा कोणी मागे सारत नाही. पूर्वी सारायचे, मारामाऱ्या व्हायच्या. अक्कांनी ते थांबवलं. सात वर्षं त्या रांग बघत होत्या आणि सरपंचांच्या घरचा हंडासुद्धा त्यांनी एकदा उचलून शेवटी नेऊन ठेवला होता.

"अक्का, हे टँकरसारखं नाही," मी म्हणाले होते. "इथं रांगेत माणूस लागतं. साडेपाचला साहेब चिठ्ठ्या वाटतात. ज्याच्या हातात चिठ्ठी, त्यालाच मत. चपलेला चिठ्ठी मिळत नाही."

"आगं, साडेपाच व्हायला लई येळ हाय. आन् तू हायस की राखायला."

"मी राखून चालत नाही अक्का, नियम..."

"नियम माहीत हाय तर तूच सांग सायबाला!" त्या हसल्या, बायकाही हसल्या, आणि एकीमागोमाग एक चपला काढून निघाल्या. पारू आजी, ऐंशीच्या घरातली, तीसुद्धा. मी तिचा हात धरला, म्हटलं, आजी, तुमच्याकडे तर म्हैसच नाही. तर म्हणाली, "सगुणा म्हनली जावा म्हनून."

मी नियम वाचले होते. अक्कांचा उमेदवारी अर्ज मीच भरला होता, शपथपत्र मीच लिहिलं होतं, तहसीलमधून सूचनांची पुस्तिका मीच आणली होती आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली होती. मी कराडच्या कॉलेजातून रसायनशास्त्रात बी.एस्सी. केलेलं, लग्न होऊन तीन वर्षं झालेली. अक्कांची शाळा सातवीत सुटलेली. जागा बायकांसाठी राखीव सुटली तेव्हा पॅनेल उभं करणारे तात्या आमच्या घरी चहाला आले. सासऱ्यांनी माझ्याकडे बोट केलं, "आमची धाकटी शिकल्याली हाय."

तात्या बशीत चहा ओतत म्हणाले, "शिकल्याली हाय, खरं हाय. पन सगुणा मानसात हाय."

मी आत चुलीजवळ उभी होते. ते वाक्य मी विसरले नाही. आज सहा वर्षं झाली तरी बशीत चहा ओतल्याचा आवाज ऐकला की ते आठवतं.

मी माणसात का नव्हते, हे शोधायचा मी प्रयत्न केला होता. मी बायकांशी नीट बोलत असे. पाण्यात क्लोरीन किती टाकायचं ते मी घरोघर जाऊन सांगितलं. बायकांनी ऐकून घेतलं आणि संध्याकाळी अक्कांना विचारलं, "सगुणा, धाकटी म्हनतीय ते टाकायचं का गं?" अक्का हो म्हणाल्या, मग टाकलं. घरात सासूबाई किल्ल्या त्यांच्याकडे देत. माझा नवरा, नितीन, बाहेरून आला की आधी "वहिनी कुठं हाय?" म्हणे. म्हशीसुद्धा अक्काच हव्यात. मी धार काढायला बसले की दोन्ही म्हशी पान्हा चोरायच्या, एकीनं मला दोनदा लाथ मारली. म्हणून तर त्या दिवशी अक्कांना घरी जावं लागलं, आणि मी रांगेत.

अर्ज भरताना 'उमेदवाराचे संपूर्ण नाव' या रकान्यात मी 'सगुणा भीमराव वाघमोडे' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं. त्याच दिवशी मी ठरवलं होतं की माझं मत शालन बंडगरला. शालनचं चिन्ह पंखा, अक्कांचं कपबशी. पंख्यासमोरचं बटण दाबायला एक सेकंदही लागत नाही, आणि ते कोणाला कळत नाही, हेही त्या पुस्तिकेत लिहिलं होतं.

पाचला पाच कमी असताना जीप आली. दोन माणसं मशीनची पेटी घेऊन आत गेली. आता जोडणी होणार, चाचणीची मतं घालून बघणार, मग सुरू. मी फाटकाकडे बघितलं. नितीन रस्त्यापलीकडे पॅनेलच्या टेबलावर बसला होता. मी हात केला. तो पळत आला.

"बायकांना बोलवा आधी. सगळ्यांना. मशीन आलंय."

"एवढी गडबड कशाला? अजून अर्धा तास हाय."

"अहो, अर्धाच तास आहे!"

तो मोटरसायकल घेऊन गेला. मी रांगेत परत आले. माझ्यापुढे अक्कांच्या तारेच्या चपला. मी त्यांच्याकडे बघत उभी राहिले.

खरं सांगायचं तर माझ्या मनात तेव्हा दोन गोष्टी एकदम होत्या. त्या वेळेवर याव्यात असं मला वाटत होतं. आणि त्या वेळेवर आल्या नाहीत, तर गावात पहिल्यांदा लोक म्हणतील, धाकटी म्हणत होती तेच बरोबर, हेही वाटत होतं. दोन्हीतलं कुठलं जास्त होतं ते मला मोजता आलं नाही.

मशीन सुरू झालं. पुढच्या बायका एकेक करून आत जाऊ लागल्या. मागे शालनकडच्या बायका वाढत होत्या. रांग आता शाळेच्या नळापर्यंत गेली होती. चपलांच्या बायकांचा मात्र पत्ता नव्हता. मी पुढे सरकताना पायानं अक्कांच्या चपला पुढे सारायचे, माझं बघून कमलही तिच्या पुढच्या दोन-तीन जोड सारू लागली.

"मी का सारतीया गं ह्या?" ती स्वतःशीच म्हणाली. पण सारत राहिली.

साडेपाचला केंद्राध्यक्ष बाहेर आले. कुठल्यातरी हायस्कूलचे शिक्षक असावेत. दिवसभरात तीन वेळा त्यांना घेराव पडला होता, आवाज बसला होता. त्यांच्या हातात सही केलेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता. ते पुढे न येता सरळ रांगेच्या शेपटाकडे गेले आणि शेवटच्या बाईच्या हातात एक नंबरची चिठ्ठी दिली.

"शेवटी हुबी न् माझाच पैला नंबर?" ती बाई खूश झाली.

"मागून वाटायचा नियम आहे. म्हणजे आता तुमच्या मागे कोणी उभं राहू शकत नाही." त्यांनी हवालदाराला खूण केली. फाटक बंद झालं, कडी लागली.

दोन, तीन, चार. ते माझ्याकडे येत होते. बाई असेल तिथे चिठ्ठी, चपला असतील तिथून पुढे.

"साहेब," मी म्हणाले, "मशीन तुमचं बंद पडलं. अडीच तास. या बायका दुपारपासून इथं होत्या. सगळ्यांनी बघितलंय. ही त्यांची जागा आहे."

त्यांनी खाली बघितलं. "या चपला?"

"हो."

"चपलांची नावं यादीत आहेत का, ताई?"

रांग फिदीफिदी हसली. ते हसले नाहीत. थकलेल्या आवाजात म्हणाले, "मला वेळ वाढवायचा अधिकार नाही. फाटकाच्या आत जो माणूस उभा आहे, त्याला रात्र झाली तरी मत देऊ देईन. बाहेरच्याला नाही. तुम्ही शिकलेल्या दिसता, तुम्हाला ठाऊक असेल."

मला ठाऊक होतं. शब्दही जवळजवळ तेच होते. त्यांनी माझ्या हातात चिठ्ठी ठेवली आणि पुढे गेले.

त्यानंतर पाचएक मिनिटांनी बायका आल्या. रस्त्यावरून पळत, अनवाणी, हातात रिकाम्या किटल्या. डेअरीत वीज गेली होती, फॅट काढायचं मशीन बंद होतं, आणि तिथेही किटल्यांची रांग लागली होती, हे नंतर कळलं. सगळ्यांत पुढे अक्का. मागे नितीनच्या मोटरसायकलवर पारू आजी.

"उघडा की!" अक्का फाटकाला धडकल्या.

"टायम संपला, बाई," हवालदार म्हणाला.

मग जो गोंधळ व्हायचा तो झाला. एकीनं फाटकाचे गज धरून हलवले. एकजण म्हणाली, सकाळी आठला आले होते, तेव्हा गर्दी बघून परत गेले, दुपारी आले तर मशीन बंद, आता आले तर फाटक बंद, मी मत द्यायचं तरी कधी? केंद्राध्यक्ष फाटकाशी आले आणि तेच सगळं पुन्हा बोलले. शेवटी अक्कांना म्हणाले, "तुम्ही उमेदवार ना? उमेदवार म्हणून तुम्ही आत येऊन बसू शकता. मत देता येणार नाही."

"ह्या बायका?"

"नाही."

"मग मी एकटी आत येऊन काय बघू?"

त्या मागे वळल्या. मला वाटलं आता भांडण पेटेल. त्यांच्या एका शब्दावर त्या तेहतीस जणींनी फाटक उखडलं असतं. नितीन पुढे आला होता, पॅनेलची पोरं गोळा होत होती, हवालदारानं काठी हातात घेतली होती.

अक्का सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सायबाला बोलू नगा. धाकटी मला चारलाच सांगत हुती. चपलेला चिठ्ठी मिळत न्हाय म्हनून. म्याच आयकलं न्हाय. चूक माझी हाय, बायांनो. तुमची मतं म्या घालीवली."

पारू आजी मोटरसायकलवरूनच म्हणाली, "जाऊ दे गं. पाच वर्सानी परत येतंयच की. मी असंन तवर."

"तू आम्हांस्नी पोचवून जाशीला म्हातारे," कोणीतरी म्हणालं, आणि त्या हसायला लागल्या. ज्यांची मतं गेली होती त्या. अक्काही हसत होत्या, आणि पदरानं डोळे पुसत होत्या.

तीन वर्षं मी ज्याची वाट बघत होते ते झालं होतं. भर गावासमोर, शंभर माणसांच्या देखत, त्या म्हणाल्या होत्या की धाकटी बरोबर होती. आणि माझ्याकडे कोणी बघतही नव्हतं. सगळ्या त्यांच्याकडे बघत होत्या. चूक झाली असं म्हणण्यातसुद्धा त्या माझ्या पुढे गेल्या होत्या. मी तशी उभी राहिले, हातातली चिठ्ठी घामानं ओली झाली.

"स्वप्ना," फाटकातून अक्का म्हणाल्या, "तेवढ्या चपला दे गं. खडं टोचाय लागल्यात."

मी त्यांच्या चपला उचलल्या, फाटकापाशी नेल्या आणि गजातून दिल्या. त्यांनी त्या घातल्या नाहीत, खाली ठेवल्या. "आधी आजीच्या. ती निळ्या पट्ट्याची."

मी परत आले, निळ्या पट्ट्याची उचलली. फाटक पंधरावीस पावलांवर होतं. अशा अजून बत्तीस खेपा. तिसऱ्या खेपेला कमल बंडगर म्हणाली, "थांब. जागा सोडून किती हिंडशील? हिकडं दे." तिनं माझ्या हातातली जोडी घेतली आणि पुढच्या बाईला दिली. तिनं तिच्या पुढचीला. मग रांगेतल्या बायका वाकून जवळची जोडी उचलू लागल्या आणि पुढे पाठवू लागल्या. हातोहात. त्यातल्या बहुतेक शालनच्या घरच्या, शालनच्या आळीतल्या होत्या. फाटकाशी अक्का एकेक जोडी हातात घेऊन न विचारता नाव घेत होत्या, "सुभद्रा, तुझी. ही मालनची. चामड्याची कुनाची, तुळसाची नव्हं?" आणि ज्या त्या बाईच्या पायाशी ठेवत होत्या.

कमल ते बघत होती. "बया स्वता अनवानी हुबी हाय न् दुसऱ्यांस्नी चपला घालतीया," ती म्हणाली. अजून एक जोडी तिनं पुढे दिली. नंतर हळूच म्हणाली, "आमच्या शालननं शिव्या घातल्या असत्या सायबाला."

सगळ्यात शेवटी अक्कांनी स्वतःच्या चपला घातल्या. बायका पांगल्या. अक्का फाटकाबाहेर भिंतीला टेकून बसून राहिल्या.

माझा नंबर आला तेव्हा वर्गात दिवे लागले होते. डाव्या बोटाला शाई लावली, सही घेतली. मी पुठ्ठ्याच्या आडोशाला गेले. दोन नावं, दोन चिन्हं, खाली नोटा. वर पंखा, मध्ये कपबशी.

मी मनातल्या मनात हिशोब मांडला. आमच्या बाजूच्या चौतीस गेल्या. त्याआधी मला वाटत होतं अक्का तीसेक मतांनी येतील. म्हणजे आता बरोबरीचं झालं होतं, एखाद-दुसऱ्याचा फरक. आणि मग माझ्या लक्षात आलं की सगुणा वाघमोडेंना सगुणा वाघमोडेंचं मत पडणार नव्हतं. ते त्यांच्याकडे नव्हतंच. माझ्याकडे होतं. किल्ल्या त्यांच्याकडे, म्हशी त्यांच्याकडे, गाव त्यांच्याकडे, पण हे एक त्यांच्याकडे नव्हतं आणि माझ्याकडे होतं. फरक एकाच मताचा पडला तर ते मत माझं असेल. त्यांना ते कधी कळणार नाही, पण मला कळेल. रोज सकाळी त्या पंचायतीत जायला निघतील आणि मी दारातून बघत असेन, तेव्हा मला कळत असेल.

मी कपबशीसमोरचं बटण दाबलं. लांब बीप वाजला.

बाहेर आले तर अक्का उठून उभ्या राहिल्या. "झालं?"

"झालं."

"बरं झालं बाई. आपल्या दोघींतलं तुझं तरी पडलं," त्या म्हणाल्या, आणि कोणाला दिलंस ते त्यांनी विचारलं नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही.

मतमोजणी तिसऱ्या दिवशी तालुक्याला होती. जीपमध्ये नितीन नखं खात होता. "एका मतानं हरलो तर?" तो म्हणाला.

"एका मतानं जिंकलो तर?"

"तर देव पावला म्हनायचं."

मी खिडकीबाहेर बघत बसले. देव नाही, मी पावले, असं मी मनात म्हणाले. तीन दिवस मी तेवढंच मागत होते. जिंकू दे, पण एकाच मतानं. अक्का पुढच्या सीटवर तात्यांच्या बायकोशी टँकरच्या फेऱ्यांबद्दल बोलत होत्या.

पोटनिवडणुकांची मोजणी शेवटी घेतली. अकरा वाजता आमचा वॉर्ड पुकारला. एकच मशीन होतं, दोन मिनिटांत झालं. अधिकाऱ्यांनी कागद वर धरला आणि वाचला. शालन बंडगर, दोनशे अठ्ठावीस. सगुणा वाघमोडे, दोनशे एक्केचाळीस. नोटा, तीन. फरक तेरा मतांचा. मला चपला हातोहात पुढे देणारी ती रांग आठवली.